पडद्यामागची घरघर

चित्रपटात एखादा क्षण असा येतो की संगीत थांबते, पात्रे बोलायची थांबतात आणि प्रेक्षकाने काही काळ केवळ शांतता ऐकावी अशी दिग्दर्शकाची इच्छा असते. नेमक्या त्याच क्षणी पडद्याखालच्या कपाटातून ‘घर्रर्र’ असा आवाज येऊ लागला तर काय होते, हे आम्ही अनुभवले आहे. आम्ही काही शिक्षक महिन्यातून एकदा आमच्यातल्या एकाच्या घरी जमतो आणि एखादा चित्रपट किंवा विज्ञानपट पाहतो. पडदा मोठा, स्पीकर चांगले आणि हे सारे चालवायला एक जुना टेबलावरचा संगणक, असा सरंजाम होता. यजमानांच्या आईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या दर दोन मिनिटांनी विचारायच्या, “काय म्हणाला रे तो?” त्यांच्यासाठी आवाज वाढवावा, तर संगीत सुरू झाले की शेजारी दार वाजवायचे. आम्ही आधी स्पीकरना दोष दिला, मग आईंच्या कानांना.

एका रात्री चित्रपट संपल्यावर संगणक बंद केला आणि खोलीत एकदम जी शांतता पसरली, तिने आमचे डोळे उघडले. गेले अडीच तास आपण एका आवाजाच्या पडद्याआडून ऐकत होतो, हे तो आवाज थांबल्यावर कळले.

तेव्हा लहान आणि शांत असा दुसरा संगणक घ्यायचे ठरले. ‘लहान’ हे दुकानात डोळ्यांना दिसते. ‘शांत’ मात्र दिसत नाही, आणि दुकानातल्या गलबल्यात ऐकूही येत नाही. ते आधी समजूनच घ्यावे लागते. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान शाळा-कॉलेजच्या क्रमिक पुस्तकांत आहे असे आमच्या ध्यानात आले, म्हणून हा लेख.

पंख्याचे गणित

संगणकाचे मूळ काम पूर्णपणे मूक असते. सिलिकॉनच्या तुकड्यात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात, त्यांची पावले वाजत नाहीत. पण संगणक जेवढी वीज घेतो तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. तो पाणी वर चढवत नाही की वजन उचलत नाही. फक्त आकडे हलवतो. ६० वॉट वीज घेणारा संगणक म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने ६० वॉटचा जुना पिवळा दिवाच. फरक एवढा की दिव्यातली तार अडीच हजार अंशांपर्यंत तापली तरी चालते, तर प्रोसेसरने साधारण १०० अंश सेल्सिअसच्या फार पुढे जाऊ नये अशी त्याची घडण असते. शिवाय ही उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होते. ती बाहेर काढण्यासाठी प्रोसेसरवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो. त्याला हीट सिंक म्हणतात. त्याच्या पात्यांमधून हवा ढकलायला पंखा. घरघर करतो तो हा पंखा.

मग पंखा हळू फिरवला तर? फायदा होतो, आणि तो आपल्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा असतो. पंखे बनवणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे: पंख्याची ध्वनिशक्ती त्याच्या वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की वाहणारी हवा निम्मी होते, पण ध्वनिशक्ती बत्तिसाव्या हिश्शावर येते. डेसिबलमध्ये सांगायचे तर १५ डेसिबलने कमी. इतका स्वस्त सौदा पदार्थविज्ञानात क्वचितच मिळतो.

डेसिबल ही मोजपट्टी वर्गात शिकवताना मुले हमखास अडखळतात. प्रत्येक १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. ३० डेसिबलचे दोन सारखे पंखे एकत्र चालवले तर बेरीज ६० होत नाही, ३३ होते. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची, नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. आता पडद्यावरचे पात्र कुजबुजत असेल आणि पंखा ४० डेसिबलने फिरत असेल, तर खोलीत पंख्याच्या आवाजाची तीव्रता कुजबुजीच्या दसपट आहे. आईंचे काय चुकले?

आता आकाराकडे वळू. एकाच घडणीचे दोन पंखे घ्या, एकाचा व्यास ४० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ८०. पंखा किती हवा ढकलतो हे त्याच्या वेगावर आणि व्यासाच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे तेवढीच हवा ढकलायला मोठ्या पंख्याला लहान पंख्याच्या एक अष्टमांश वेग पुरतो. वेग घटल्यामुळे ४५ डेसिबल वाचतात. आकार वाढल्यामुळे आवाज काहीसा वाढतो, कारण ध्वनिशक्ती व्यासाच्या सातव्या घाताने वाढते, म्हणून २१ डेसिबल परत द्यावे लागतात. तरीही निव्वळ नफा २४ डेसिबलचा. कागदावरचा हा आकडा प्रत्यक्षात पुरेपूर मिळत नाही, पण दिशा हीच असते. याचा अर्थ आमच्या खरेदीच्या दोन अटी एकमेकींच्या वैरिणी होत्या. डबा लहान की आतला पंखा लहान. पंखा लहान की फेरे जास्त. फेरे जास्त की आवाज जास्त. मोठा आणि शांत संगणक कोणीही बनवील. लहान आणि शांत संगणक बनवण्यातच खरी कसोटी आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती डेसिबलच्या आकड्यात पूर्ण उतरत नाही. आवाज किती आहे याइतकेच तो कोणत्या पट्टीत आहे याला महत्त्व असते. पंख्याचे एकेक पाते एका ठरावीक जागेवरून जाताना हवेला एकेक धक्का देते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ३५० धक्के. कानाला ३५० हर्ट्‌झचा सूर ऐकू येतो. चपट्या डब्यात मात्र असा पंखा मावत नाही. तिथे खूप पात्यांचा चपटा पंखा बसवतात, हवा बाजूने फेकणारा. समजा त्याला ३० पाती आहेत आणि तो मिनिटाला ५००० फेरे घेतो. गुणाकार केला तर २५०० हर्ट्‌झ. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. नको तो सूर नेमका नको तिथे येऊन बसतो.

डोक्यावरच्या पंख्याशी तुलना करून पाहा. तीन पाती, मिनिटाला सुमारे ३५० फेरे, म्हणजे सेकंदाला सतरा-अठरा धक्के. ही वारंवारता कानाच्या मर्यादेखालीच आहे. आपल्याला ऐकू येते ती नुसती हवेची सरसर, जिच्यात एकच एक सूर नाही. म्हणून छताच्या पंख्याखाली आपण गाढ झोपतो आणि त्याच्यापेक्षा हळू असलेली डब्याची शीळ मात्र झोपू देत नाही.

व्यंजने कोठे हरवतात

भाषेतले स्वर जोरकस असतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्‌झच्या खाली असते. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांसारखी व्यंजने मात्र ऊर्जेने क्षीण, आणि त्यांची ओळख पटवणारा भाग २००० हर्ट्‌झच्या वर. शब्दाचा अर्थ बहुतांशी व्यंजनांत असतो: ‘साल’, ‘चाल’, ‘ताल’ यांत स्वर तेच आहेत. पंख्याची शीळ त्याच पट्ट्यात शिरली की ती आधी ही व्यंजने गिळते. वाढत्या वयात कानाची शक्तीही याच उंच पट्टीकडून कमी होत येते. त्यामुळे तरुण माणसाला घरघर नुसती त्रासदायक वाटते, तर म्हाताऱ्या माणसाचे शब्दच जातात. “ऐकू येतंय, पण कळत नाही,” असे आई म्हणत. आम्ही ते वयाचे रडगाणे समजलो होतो. ते वर्णन अगदी काटेकोर होते.

उष्णतेसाठी ओहमचा नियम

पंखा हा रोग नसून रोगावरचा उपाय आहे. मूळ उष्णतेत आहे. तेव्हा किती उष्णता पंख्याशिवाय निभावता येईल, हा प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर ओहमच्या नियमाच्या जुळ्या भावंडाने मिळते. विद्युतप्रवाहाच्या जागी उष्णतेचा प्रवाह घ्या, वॉटमध्ये. विभवांतराच्या जागी तापमानातला फरक. मग तापमानातला फरक बरोबर वॉट गुणिले औष्णिक रोध. रोधाचे एकक अंश प्रति वॉट.

समजा, संगणकाच्या सबंध धातूच्या डब्याचाच हीट सिंक केला आहे, पंखा नाही, आणि प्रोसेसरपासून हवेपर्यंतचा एकूण रोध २.५ अंश प्रति वॉट आहे. प्रोसेसर १० वॉट खातो. तो भोवतालच्या हवेपेक्षा २५ अंशांनी तापेल. पुण्यात डिसेंबरातल्या रात्री खोली २२ अंशांवर असेल तर प्रोसेसर ४७ वर. काहीच चिंता नाही. आता नागपुरात मे महिन्यातली दुपार घ्या. खोलीत ४२ अंश, आणि डबा बंद कपाटात ठेवल्यामुळे कपाटातली हवा ५०. प्रोसेसर ७५ वर जाईल. अजूनही चालेल. पण तोच प्रोसेसर २५ वॉट खाऊ लागला तर वाढ साडेबासष्ट अंशांची, आणि बेरीज ११२.५. हे चालणार नाही. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करील, आणि पडद्यावर चित्र अडखळू लागेल.

या साध्या गुणाकारातून दोन गोष्टी निघतात. बिनपंख्याचा संगणक घेणाऱ्याने परदेशी परीक्षणांवर डोळे मिटून विसंबू नये; तिथली खोली २० अंशांची असते, आपली ४०ची. दुसरे म्हणजे, आवाज कोंडण्यासाठी संगणक काचेच्या दाराच्या कपाटात ठेवण्याची युक्ती अंगावर उलटते. आम्ही ती केली होती. कपाट तापले, पंखा अधिक जोरात फिरू लागला आणि दार बंद असूनही आवाज पूर्वीपेक्षा वाढला. कपाटाची मागची फळी काढली तेव्हा कोठे तो थोडा उतरला. आणि हो, संचावर भरतकाम केलेला रुमाल टाकण्याची आपली जुनी हौस बिनपंख्याच्या डब्याच्या बाबतीत आवरावी. तिथे डब्याची पाठ हाच त्याचा श्वास असतो.

विळी आणि खोवणी

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. खरेदी करताना आम्ही नेमका येथेच फसलो होतो.

पडद्यावर १९२० गुणिले १०८० असे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे १ अब्ज १९ कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात फाइलमधून किंवा इंटरनेटवरून सेकंदाला ८० लाख बिटांच्या आसपासच येतात. म्हणजे मूळ चित्र सुमारे दीडशेपट आवळून, घडी घालून ठेवलेले असते. मागच्या चौकटीतून जे बदलले नाही ते पुन्हा पाठवायचे नाही, डोळ्याला न कळणारा तपशील गाळायचा, अशा युक्त्यांनी ही घडी पडते. आणि ती सेकंदाला २४ वेळा, न चुकता, संगणकाला उलगडावी लागते. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या, म्हणजे फोर-के चित्रात बिंदू चौपट, म्हणून कामही साधारण चौपट.

हे काम दोन तऱ्हांनी होऊ शकते. प्रोसेसरच्या सर्वसाधारण भागाकडून सूचनांमागून सूचना देऊन ते करून घेता येते. किंवा त्याच चकतीवर या एकाच कामासाठी कोरलेले वेगळे मंडल असेल, तर ते त्याच्यावर सोपवता येते. नारळ विळीच्या पात्यावर बारीक चिरता येतो, पण हात भरून येतात. खोवणीने तोच नारळ दोन मिनिटांत खवून होतो. खोवणीला दुसरे काही येत नाही, आणि तिथेच तिची ताकद आहे. उलगडण्याचे खास मंडल हे काम अगदी थोड्या विजेत करते. तेच काम सर्वसाधारण भागावर पडले की वीज कितीतरी पटींनी वाढते. उष्णता वाढते. पंखा ओरडू लागतो.

पण खोवणी ज्या फळासाठी बनवली त्याच फळाला चालते. घडी घालण्याच्या पद्धती बदलत आल्या आहेत. एच.२६४ ही पद्धत २००३ सालची आणि आजही सर्वत्र आढळणारी. एच.२६५ आणि व्हीपी९ या २०१३ मधल्या. एव्ही१ ही २०१८ मधली. ज्या वर्षी प्रोसेसर बनला, त्यानंतर आलेल्या पद्धतीचे मंडल त्यात असणार नाही हे उघड आहे. आणि आधी आलेल्या पद्धतीचे असेलच असेही नाही.

आम्ही एका दुकानातून कार्यालयात वापरलेला, जेमतेम एक लिटर आकारमानाचा, नीटनेटका छोटा संगणक आणला. किंमत परवडणारी होती. जुने चित्रपट लावले, तर डबा गाईसारखा गरीब. पुढच्या महिन्यात फोर-के फाइल लावली, एच.२६५ पद्धतीची आणि रंगासाठी ८ ऐवजी १० बिट वापरणारी. पाच मिनिटांत पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला. दुकानदाराने “प्रोसेसर दमदार आहे” असे सांगितले होते ते खोटे नव्हते. दम होता, खोवणी नव्हती. प्रोसेसर २०१५ सालचा. १० बिटांची ही घडी उलगडण्याचे पूर्ण मंडल त्यात नव्हते.

आता शहाणपण आल्यावर सांगतो. असे वापरलेले कार्यालयीन छोटे संगणक शिक्षकाच्या खिशाला खरोखर चांगले असतात. त्यात इंटेलचा प्रोसेसर असेल तर पिढी विचारावी. सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६-१७ पासून, १० बिटांच्या एच.२६५चे मंडल त्यात आहे. एव्ही१चे मंडल अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून. ‘आय फाइव्ह’ की ‘आय सेव्हन’ हा जो प्रश्न सगळे विचारतात, त्याला या कामात जवळपास महत्त्व नाही. सातव्या पिढीचा साधा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या महागड्या प्रोसेसरपेक्षा चित्रपट शांतपणे दाखवील.

नवा घ्यायचा असेल तर २०२३ साली आलेला इंटेलचा ‘एन१००’ हा नमुना पाहावा. तो ताकदीने बेताचा आहे, पण वर सांगितलेल्या चारही पद्धतींची मंडले त्यात आहेत आणि त्याचे अधिकृत माप अवघे ६ वॉट. अर्थात, डबे बनवणारे अनेकदा ही मर्यादा वाढवून ठेवतात, जाहिरातीत वेगाचा आकडा मोठा दिसावा म्हणून. ती मर्यादा संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायॉसमध्ये, बहुधा पुन्हा खाली आणता येते. चित्रपटाला त्याने काही फरक पडत नाही, आवाजाला पडतो.

रास्पबेरी पायचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१२ पासून आलेली ही पत्त्यांच्या जोडाएवढी पाटी अनेक शाळांनी पाहिली असेल. २०१९च्या चौथ्या आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ या दोहोंची मंडले आहेत. धातूच्या डब्यात बसवली की ती पंख्याशिवाय चित्रपट दाखवते. २०२३ची पाचवी आवृत्ती गणिताला पुष्कळ वेगवान, पण तिच्यातून एच.२६४चे मंडल काढून टाकले आहे. ते काम मुख्य प्रोसेसरने करायचे. तो ते सहज करतो, मात्र तापतोही. एव्ही१चे मंडल दोन्हींत नाही. नवे ते सर्व बाबतींत सरस असतेच असे नाही, याचे इतके सरळ उदाहरण वर्गात सांगायला दुसरे मिळणार नाही.

ॲपलची मॅक मिनी २००५ पासून आहे. २०२४ साली आलेला तिचा नमुना जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर चौरस आहे. आत पंखा असूनही ती हलक्या कामात अतिशय शांत राहते. पण केवळ चित्रपटांसाठी एवढा खर्च करणे आम्हाला पटत नाही.

छोट्या डब्यांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर, तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये १७ सेंटिमीटर चौरस मुख्य पाटीचा आकार रूढ केला, तेव्हापासून हौशी मंडळींनी दिवाणखान्यातला संगणक बांधायला घेतला. इंटेलने त्याहून लहान, सुमारे १० सेंटिमीटरच्या पाटीचे ‘नक’ नावाचे डबे आणले. जुलै २०२३ मध्ये त्या कंपनीने हा उद्योग सोडून दिला आणि तो असूसकडे गेला. या कामासाठीची कोडी ही मोफत प्रणाली मुळात २००२ च्या सुमारास एका खेळयंत्रासाठी लिहिली गेली होती. हे नाव तिला २०१४ मध्ये मिळाले.

टेबल आणि ध्वनिकाटा

पंखा शांत झाला की त्याच्यामागे दडलेले आवाज ऐकू येऊ लागतात. त्यातला पहिला हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, तर ५४०० फेरे म्हणजे ९०. हवेतून हा आवाज फारसा येत नाही. पण डबा लाकडी कपाटावर ठेवला की सारे कपाट गुंजू लागते. प्रयोगशाळेत आपण ध्वनिकाटा वाजवून त्याची दांडी टेबलावर टेकवतो आणि मुलांचे चेहरे उजळतात, तोच हा प्रयोग. काट्याचा आवाज वाढत नाही, टेबलाचा पृष्ठभाग हवा हलवू लागतो. उपायही त्यातच आहे: डब्याखाली रबराची जाड बुचे ठेवावीत. त्याहून चांगले म्हणजे संगणकात फिरती डिस्क ठेवूच नये. एसएसडीत हलणारा भाग नसतो, आणि चित्रपट दाखवण्याच्या प्रणालीला लहानशी एसएसडी पुरते. चित्रपटांचा मोठा साठा हवा असेल तर फिरत्या डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवून तार ओढून घ्यावी. फोर-के ब्लू-रे चकतीचा कमाल दर सेकंदाला १२८ दशलक्ष बिट असतो. त्यामुळे जुने १०० दशलक्ष बिटांचे जाळे मधूनच कमी पडेल, हजाराचे कधीच नाही.

तार मात्र एकाच बाजूला पाहून चालत नाही. पडद्याकडे जाणारे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असेल तर पूर्ण फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाईल. ६० वेळा हवे तर २.० आवृत्ती संगणकाला आणि पडद्याला, दोघांनाही हवी. एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात आणि पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. साठाला चोविसाने भाग जात नाही. मग एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा संथ सरकत असताना चित्र लंगडल्यासारखे वाटते. कोडीसारख्या प्रणालीत, चित्रपटाच्या चौकटींप्रमाणे पडद्याचा दर बदलण्याची सोय असते. ती सुरू करावी. यासाठी एक पैसाही लागत नाही.

विजेचाही हिशेब करावा. १० वॉटचा डबा वर्षभर अखंड चालू राहिला तर ८७.६ युनिट होतात. ६० वॉटचा जुना संगणक तसाच ठेवला तर ५२५.६.

हे सगळे कोणासाठी नाही, तेही सांगितले पाहिजे. ज्यांना केवळ इंटरनेटवरच्या चित्रपटसेवा पाहायच्या आहेत त्यांनी संगणकाच्या भानगडीत पडू नये. अशा काही सेवा संगणकावरच्या ब्राउझरला कमी तपशिलाचे चित्र देतात आणि दूरचित्रवाणी संचाला किंवा त्यात खोचायच्या कांडीला पूर्ण तपशिलाचे. त्यांच्या दृष्टीने संगणकावर नक्कल होण्याची भीती जास्त. संगणक हवा तो स्वतःचा संग्रह असणाऱ्यांना, शाळेचे जुने चित्रीकरण, व्याख्याने, विज्ञानपट जपून ठेवणाऱ्यांना.

तसेच, पूर्ण बिनपंख्याचाच संगणक हवा असा हट्टही आम्ही धरणार नाही. आपल्याकडे वर्षातले आठ महिने डोक्यावर पंखा फिरत असतो आणि त्याच्या सरसरीत २५-३० डेसिबलचा हळू फिरणारा छोटा पंखा विरघळून जातो. ज्यांच्याकडे वातानुकूलित खोली आहे किंवा जे थंडीच्या रात्री चित्रपट पाहतात त्यांनाच फरक कळेल. बिनपंख्याचा खरा फायदा आमच्या मते वेगळाच आहे: त्यात धूळ शिरत नाही. पंखा हवेबरोबर धूळही ओढतो. वर्षभरात हीट सिंकच्या पात्यांत तिचा थर बसतो, औष्णिक रोध वाढतो आणि पहिल्या दिवशी शांत असलेला डबा दिवाळीपर्यंत घरघरू लागतो. पंख्याचा डबा घेतलात तर दिवाळीच्या साफसफाईत त्याचाही नंबर लावावा. वीज काढून, पंखा बोटाने धरून, मऊ कुंचल्याने.

कंपनीने दिलेला डेसिबलचा आकडा किती अंतरावरून मोजला हे पाहावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा नाही. अर्ध्या मीटरवरचे ३५ आणि एक मीटरवरचे ३० यांत फारसा फरक नाही. मोबाइलवरचा आवाजमापक अचूक नसतो, पण दोन डब्यांची तुलना करायला पुरतो. डब्यापासून २५, ५० आणि १०० सेंटिमीटरवर मोजून मुलांना आलेख काढायला सांगता येईल. खोलीचा स्वतःचा आवाज आडवा येतो आणि आलेख एका जागी सपाट होतो. का, हा प्रश्न त्यांच्यावरच सोडावा.

दुकानात चाचणी होत नाही. परत करण्याची मुदत विचारून डबा घरी आणावा. आपल्याकडच्या सर्वांत जड फाइलचा अर्धा तास लावावा, आणि रात्री दहानंतर, डोक्यावरचा पंखा बंद करून, रोजच्या खुर्चीत बसून ऐकावे. प्रोसेसरवरचा भार दाखवणारी खिडकीही उघडून ठेवावी. भार १०-१५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर मंडल काम करते आहे. तो ८०-९०वर गेला असेल तर त्या क्षणी पंखा शांत असला तरी डबा दुसऱ्या दिवशी सकाळी परत करावा.